तांबडा कुत्रा, नग एक

कुरणाच्या रखवालदाराला पळताना कोणी पाहिलं नव्हतं. बस सुटत असली तरी तो चालतच स्टँडवर जायचा आणि सुटली की पुढची येईपर्यंत बाकावर बसून राहायचा. म्हणून त्याला सगळे सावकाश म्हणत. तोंडावर सावकाशराव, पाठीमागे नुसतं सावकाश. त्याचे साहेब म्हणायचे की या नोकरीत निम्मा पगार पळण्याचा असतो. साहेब स्वतः जीपमधून कधी खाली उतरायचे नाहीत, त्यामुळे हे त्यांनी कुठून शोधून काढलं हे कोणाला कळलं नाही.

चोरट्या शिकारीबद्दल सावकाशचं स्वतःचं एक शास्त्र होतं. हरीण पळतं, हरणामागे कुत्रे पळतात, कुत्र्यांमागे माणसं पळतात. या वरातीत शेवटी रखवालदाराने पळण्यात काही राम नाही. त्यापेक्षा त्यांची गाडी शोधावी आणि तिच्यापाशी जाऊन बसावं. दमलेला माणूस चिखल तुडवत पायी घरी जात नाही, तो गाडीकडेच येतो. या शास्त्राच्या जोरावर त्याने आजवर बरीच माणसं धरली होती. ती सगळी पुढे पुराव्याअभावी सुटली, पण तो दोष शास्त्राचा नव्हता.

कुरण नदीकाठी होतं. थंडी पडली की टेकडीवरची हरणं चरायला खाली उतरायची. पूर्वी कळप मोठा होता. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की बंदुकीचा आवाज गावभर जातो, पण कुत्रा न भुंकता काम करतो. लांब पायांचे, खपाटीच्या पोटाचे कुत्रे सोडायचे. हरीण दमून पडेपर्यंत ते त्याला पळवतात आणि पडलं की धरून ठेवतात. मागून माणूस येऊन पोचतो, त्याच्या हातात सुरी असली की झालं. याला ते खेळ म्हणत. सावकाशला या शब्दाचा फार राग होता. ‘खेळात दोन्ही बाजूंना माहीत असतं की खेळ चाललाय,’ असं तो म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. बंद पडलेल्या पंपाच्या खोलीमागे त्याला एक टेम्पो सापडला, नंबरप्लेट काढलेली. तो थर्मास उघडून पायरीवर चहा पीत बसला. थोड्या वेळाने धुक्यातून तीन माणसं आली, टेम्पोजवळ सरकारी टोपी पाहून थबकली आणि आली तशी उलट्या दिशेला पळाली. शास्त्र पहिल्यांदाच फसलं. सावकाश उभा राहिला तोवर ती दिसेनाशीही झाली होती.

माणसांच्या मागून एक तांबडा कुत्रा आला. त्याचं तोंड रक्ताने माखलेलं होतं. त्याने सावकाशकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा टेम्पोखाली जाऊन पडला. मालक पळाला तरी गाडी आपलीच, एवढं त्याला कळत होतं.

सावकाश मागोवा घेत लव्हाळ्यात गेला. तिथे मादी पडली होती. डाव्या कानाला चीर असलेली, त्याच्या चांगल्या ओळखीची. दरवर्षी कळपात सगळ्यात आधी तीच खाली उतरायची. ती गाभण होती. सावकाश तिथेच ओल्या गवतात खाली बसला आणि त्याला रडू आलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून त्याने ते आवरलं नाही.

परत येऊन त्याने कुत्र्याला टेम्पोखालून ओढून काढलं आणि लाथ मारायला पाय उचलला. कुत्र्याने शेपटी हलवली. लाथ मारायची राहून गेली.

पंचनाम्यात त्याने लिहिलं, ‘तांबडा कुत्रा, नग एक, जिवंत.’ ऑफिसात जप्त केलेल्या मालाची एक खोली होती. तिच्यात कुऱ्हाडी होत्या, सायकली होत्या, लाकडाचे ओंडके होते. जिवंत मालाची सोय नव्हती. साहेब जीपमधूनच म्हणाले, “तुमच्याकडे ठेवा. निकाल लागेपर्यंत.”

टेम्पो वीटभट्टीवाल्याचा निघाला. निघणारच होता. वीटभट्टीवाल्याचे कुत्रे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होते. त्याच्या बायकोला नावं ठेवली तर तो हसायचा, पोराला ठेवली तर मान डोलवायचा, पण त्याच्या कुत्र्याला कोणी नावं ठेवायची सोय नव्हती. चहाच्या टपरीवर एकाने दुसऱ्या कोणाचा कुत्रा जास्त वेगवान आहे असं म्हटलं होतं, तर त्या माणसाशी तो अजून बोलत नव्हता. आता मात्र तो पोलिसांत जाऊन सांगून आला की टेम्पो पहाटेच चोरीला गेला आणि आपल्याकडे कुत्राबित्रा कधी नव्हताच. त्याचे बाकीचे कुत्रे एका दिवसात कुठल्या तरी पाहुण्याच्या गावी पोचले. खरं काय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण निम्मं गाव भट्टीवर कामाला, तेव्हा सगळे मूग गिळून बसले.

“दिसला ना तो तुम्हाला?” साहेबांनी सावकाशला विचारलं.

“तीन माणसं दिसली.”

“त्यात तो होता.”

“असेल. पाठी दिसल्या.”

“पाठ बघून माणूस ओळखता येत नाही?”

“धुक्यात माणूस आणि झुडूप यातला फरक कळला, हेच खूप झालं, साहेब.”

म्हणजे साहेबांना जे हवं होतं ते तो सांगणार नव्हता. यात फार मोठं तत्त्व वगैरे नव्हतं. न दिसलेलं सांगायचं तर ते पाठ करावं लागतं आणि सावकाशचं पाठांतर शाळेपासून कच्चं होतं. पण त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. वीटभट्टीवाला या केसमधून सुटला, तर पुढच्या थंडीत सगळे कुत्रेवाले उजळ माथ्याने कुरणात उतरतील आणि त्याच्या पुढच्या थंडीला राखायला काही उरणार नाही.

घरी कुत्रा पाहून बायको म्हणाली, “खुन्याला घरात घेणार नाही मी.”

“घरात नको. अंगणात.”

“अंगणही माझंच आहे.”

पहिल्या दिवशी तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि तिला त्याच्या बरगड्या दिसल्या. बरगड्या दिसणारं काहीही तिला आयुष्यात सहन झालं नव्हतं. लग्नात सावकाशच्याही दिसत होत्या. तिने दुधात पाव कुस्करून पुढे ठेवला. मग अंडं, मग खाटकाकडची हाडं, मग हाडांचं सूप, कारण हाडं त्याला कोरडी लागत असतील. ‘नग एक’ असं कागदावर वाचल्यापासून ती त्याला नग म्हणायला लागली. थंडीत तो पुढचा उजवा पाय उचलून धरायचा, तर ती म्हणाली, “अहो, दुखतंय त्याला.” तेव्हापासून रोज संध्याकाळी सावकाश पायरीवर बसून त्या पायाला कोमट तेल चोळायला लागला. चोळताना त्याला लव्हाळं आठवायचं. हेच तोंड, हेच दात. त्याचा हात मग थांबायचा. कुत्रा वाट बघायचा आणि नाकाने हात ढोसायचा. असं करत करत त्याचा जीव कधी जडला ते त्याचं त्यालाही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

कोर्टात तारखांवर तारखा पडत होत्या. इकडे कुत्रा भरत होता. पोट खपाटीचं होतं ते गोल झालं. मानेला वळी पडली. उन्हात पडला की तो मागून उशीसारखा दिसायचा. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही, तसं नवरा-बायकोला काही दिसलं नाही.

शेवटी सुनावणी उभी राहिली. न्यायाधीशबाई वयस्क होत्या, कमी बोलायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या. सावकाशने जे पाहिलं तेवढंच सांगितलं. वीटभट्टीवाल्याचा वकील इतका खूश झाला की त्याने उलटतपासणी अर्ध्यात सोडली. टेम्पो चोरीचा, माणसं अनोळखी, कुत्रा बेवारशी, आणि तो शिकारी आहे हे तरी कशावरून, असं तो म्हणाला. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुढच्या तारखेला कुत्राच आणा.”

तेव्हा साहेब सावकाशच्या घरी आले आणि नोकरीत पहिल्यांदाच जीपमधून उतरले. कुत्र्याभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, “हे काय आहे?”

“मुद्देमाल.”

“हा मुद्देमाल आहे की गादी? सावकाश, खुनाच्या खटल्यात सुरी जप्त केली, तर ती घरी नेऊन कोणी बोथट करतं का?”

“भूक लागायची त्याला.”

“सुरीला लागत नाही, म्हणून सुरीच बरी,” साहेब म्हणाले आणि जीपमध्ये परत गेले.

त्या दिवसापासून सावकाश पळायला लागला. कुत्र्याला पळवायचं तर दोरीचं दुसरं टोक धरून कोणीतरी पळायला हवं. सकाळी तो रस्त्याने धापा टाकत निघायचा आणि मागून कुत्रा रमतगमत यायचा. दूधवाला सायकल थांबवून बघायचा. टपरीवरची माणसं चहा हातात घेऊन दाराशी यायची. “सावकाशराव, सावकाश,” असं कोणीतरी म्हणायचंच, आणि त्याला उत्तर द्यायला दम उरायचा नाही. तारीख जवळ आली तेव्हा सावकाशची पँट कमरेतून घसरायला लागली होती. कुत्र्याच्या पट्ट्याचं भोक मात्र तेच होतं.

“तू त्याला काही देतेस का?” त्याने बायकोला विचारलं.

“मी कशाला देऊ?”

“सूपाचं पातेलं रोज घासलेलं असतं.”

“पळून येतो बिचारा,” ती म्हणाली. “पळून आलेल्याला काहीतरी नको?”

पळून तो स्वतःही येत होता, पण त्याला त्या सूपातला एक चमचाही मिळाला नव्हता. त्याने तसं बोलून दाखवलं नाही. केस बुडाली होती, एवढं त्याला समजलं. ती बुडवली कोणी, तर त्याने आणि त्याच्या बायकोने, वाटीवाटीने.

कोर्टाच्या आवारात एक मोठं झाड होतं, त्याखाली टाइपरायटरवाले बसायचे. त्या दिवशी त्यांनी टाइप करणं थांबवलं. भट्टीवरची माणसं कुंपणाला टेकून उभी होती. न्यायाधीशबाईंना व्हरांड्यात खुर्ची दिली होती. सावकाश दोरी धरून मधोमध उभा राहिला. कुत्र्याने एक उन्हाचा तुकडा निवडला, त्यावर आडवा झाला आणि डोळे मिटले.

वकील त्याच्याभोवती हळूच फिरला. “बाईसाहेब, हा तो क्रूर शिकारी. सरकार पक्षाचं म्हणणं असं की याने हरणाला पळून पकडलं. याच्यापुढून लंगडी कोंबडी गेली, तर हा तिला वाट देईल.”

कुंपणावर हसू फुटलं. टाइपरायटरवालेही हसले. बाईंनी चष्मा काढून पुसला.

“हा कधी पळाला असेलच तर ताटाकडे,” वकील म्हणाला. “तेही ताट जवळ असेल तर.”

पुन्हा हसले. सावकाश हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे कुरण होतं, पांढरं, गार आणि रिकामं. आपल्याला पळता आलं असतं तर त्या दिवशी एकजण तरी हाती लागला असता, असं त्याला वाटलं. हे त्याला नोकरीत पहिल्यांदा वाटलं आणि फार लागलं. मान वर केली तेव्हा त्याला दिसलं की आवारात आणखी एक माणूस हसत नव्हता. वीटभट्टीवाला झाडाच्या बुंध्यापाशी उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

वकिलाला आता गंमत चढली होती. चांगला चाललेला वकील जरा लवकर थांबला, तर तो वकील कसला. “माझे अशील या भागातले प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. असलं गावठी, मंद जनावर ते दारात उभं करतील का? विचारा ना त्यांनाच.” आणि तो अशिलाकडे वळला.

वीटभट्टीवाल्याने फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. सगळे थांबले. त्याने तोंड उघडलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

“गावठी म्हणू नका,” तो शेवटी म्हणाला.

वकील खाकरला. बाईंनी चष्मा चढवला. “का म्हणू नये?”

“जाणकार माणसाला दिसतं ना, बाईसाहेब. पायाची ठेवण बघा. छाती बघा. याच्या आईला...” तो थांबला.

“याच्या आईला काय?”

वकील आता दोन्ही हातांनी खाकरत होता, म्हणजे हातांच्या खुणांनी जे सांगता येतं ते सगळं सांगत होता. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. अख्ख्या भट्टीसमोर त्याचा कुत्रा हसण्यावारी गेला होता.

“याच्या आईला मी रेल्वेने सोबत बसून आणलीय,” वीटभट्टीवाला म्हणाला. “आणि मंद नाही तो. काय सोन्यासारखं जनावर होतं, यांनी खायला घालून घालून वाट लावली त्याची.” त्याने बोट सावकाशकडे रोखलं.

“म्हणजे आधी बारीक होता,” बाई म्हणाल्या.

“बारीक? पट्टीने आखल्यासारखा होता.” मग त्याचं त्यालाच आवरलं नाही. तो खाली वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “वादळ.”

हे नाव आवारात कोणाला माहीत नव्हतं. कुत्र्याला होतं. तो उन्हातून उठला. पोट लोंबत होतं, पण मान उंच झाली होती, कान मागे गेले होते, आणि एवढ्या महिन्यांत सावकाशने त्याला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो सरळ चालत गेला आणि वीटभट्टीवाल्याच्या डाव्या गुडघ्याला टेकून बसला. वीटभट्टीवाल्याचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला.

“हे लिहून घ्या,” न्यायाधीशबाई कारकुनाला म्हणाल्या. वकील फाइल बांधायला लागला.

सावकाशने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दोरी हातातून केव्हा सुटली ते त्याला कळलं नव्हतं. जन्मात पहिली केस त्याने जिंकली होती आणि त्याला आनंद झाला होता. पण तो अर्धाच होता. रोज तेल कोण चोळायचं, पळता पळता छाती कोणाची फुटायची, आणि एका हाकेत जनावर उठून गेलं. त्याला वीटभट्टीवाल्याचा राग आला तेवढाच कुत्र्याचाही आला.

वीटभट्टीवाल्याला शिक्षा झाली, आणि त्याच्या तोंडून बाकीचे दोघेही बाहेर आले, कारण एकट्याने आत जायची त्याची तयारी नव्हती. कुत्रा सरकारजमा झाला. सरकारकडे सोय नव्हती, म्हणून तो सावकाशकडेच ठेवायचा हुकूम झाला. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले. एक हवालदार मध्ये होता.

“त्याचा पुढचा उजवा पाय थंडीत दुखतो,” वीटभट्टीवाला भिंतीकडे बघत म्हणाला. “तेल लावायला लागतं.”

“लावतो.”

“कोमट?”

“कोमट.”

वीटभट्टीवाल्याने मान हलवली आणि हवालदाराबरोबर चालू लागला. त्या मादीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. ती त्याच्या खिजगणतीतच नव्हती. सावकाशला तेवढं विचारायचं होतं, पण ते कसं विचारायचं हे सुचेपर्यंत जिना संपला होता.

थंडी पुन्हा आली. बायको म्हणाली, “एकदा तरी त्याला मोकळं सोडा. गुन्हा माणसांचा, दोरी त्याच्या गळ्यात.” तिचं म्हणणं सावकाशला पटलं. कुत्र्यावरचा राग कधीच निवला होता. पोट बऱ्यापैकी उतरलं होतं, कारण सकाळचं पळणं दोघांच्या अंगवळणी पडलं होतं. एका सकाळी त्याने ठरवलं की आज पंपाच्या खोलीपाशी दोरी सोडायची.

तिथे पोचल्यावर तो वाकला आणि गाठीला हात घातला. तेवढ्यात टेकडीवरून कळप खाली उतरला. पुढे एक कोवळी मादी होती. तिला अजून वाट नीट माहीत नव्हती, म्हणून ती दर थोड्या अंतरावर थांबून मागे बघत होती. सावकाशने हरणं मोजायला सुरुवात केली आणि मनगटाला हिसका बसल्यावर मध्येच सोडली. कुत्रा ताठ झाला होता. कान मागे, मान उंच, कोर्टाच्या आवारात एका हाकेवर उठला होता अगदी तसाच. आज मात्र त्याला कोणी हाक मारली नव्हती.

सावकाशने दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला. वळ उठला, पण त्याने हात ढिला केला नाही. शेवटचं हरीण लव्हाळ्याआड जाईपर्यंत दोघं तसेच उभे राहिले. मग कुत्र्याने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि शेपटी हलवली. सावकाशने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला. दोरी सोडायची राहून गेली, ती कायमची.